अपुऱ्या जागेतील यंत्रमानवांची प्रात्यक्षिके : अंतर, आज्ञा आणि शब्दनिश्चिती

१. विषयाची व्याप्ती

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनबहुल जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांत विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन, राष्ट्रीय विज्ञान दिन किंवा विद्यापीठांचा 'आविष्कार' महोत्सव अशा प्रसंगी विद्यार्थ्यांनी बनविलेले यंत्रमानव लोकांपुढे मांडले जातात. चाकांवर धावणारी गाडी, काळ्या रेषेचा माग घेणारे यंत्र, वस्तू उचलून ठेवणारा यांत्रिक हात असे त्यांचे सामान्य प्रकार होत. ही यंत्रे आकाराने लहान असतात. त्यामुळे त्यांपासून इजा होईल अशी शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु ती ज्या खोलीत चालविली जातात ती खोलीही लहानच असते, आणि तीत विद्यार्थी, शिक्षक, पालक व पाहुणे दाटीवाटीने उभे असतात.

अशा प्रात्यक्षिकांच्या सुरक्षिततेचा विचार करताना कठडा, कळ आणि बॅटरी यांकडे लक्ष जाते, व ते योग्यच आहे. तथापि या व्यवस्थेचा आणखी एक घटक आहे, तो म्हणजे त्या खोलीत उच्चारला जाणारा शब्द. यंत्र चालविणारा एक, त्याला सांगणारा दुसरा आणि धोका प्रथम पाहणारा बहुधा तिसराच असतो. या तिघांना जोडणारे साधन भाषा हे होय. मोठ्या मैदानावर शब्दाचा घोटाळा झाला तरी मधले अंतर तो पोटात घालते. लहान खोलीत ती सवलत मिळत नाही. म्हणून जागेची उणीव काही अंशी शब्दांच्या निश्चितीने भरून काढावी लागते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. जागेचा हिशेब

यंत्रमानव-स्पर्धांचे सर्वांस परिचित असलेले रूप मोठ्या क्रीडांगणाचे आहे. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची 'रोबोकॉन' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा २००२ साली टोकियो येथे सुरू झाली. २००८ आणि २०१४ या दोन वर्षी तिचे यजमानपद पुण्याकडे होते. २००८ च्या स्पर्धेचा विषय गोविंदा आणि दहीहंडी यांवरून घेतलेला होता. या स्पर्धेत खेळाचे क्षेत्र प्रशस्त असते व प्रेक्षक त्यापासून दूर बसतात. तरीदेखील प्रत्येक यंत्रावर आपत्कालीन थांबा-कळ असणे, विद्युद्दाबास व संपीडित हवेच्या दाबास मर्यादा असणे, संघातील विद्यार्थ्यांनी शिरस्त्राण व संरक्षक चष्मा वापरणे, अशी बंधने नियमांनीच घातलेली असतात. जेथे जागा विपुल आहे तेथे नियमही कडक, आणि जेथे जागा अपुरी तेथे बहुधा नियमच नाहीत, असा हा विपर्यास आहे.

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांना दिलेल्या 'अटल टिंकरिंग लॅब'साठी सर्वसाधारणपणे १,५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १४० चौरस मीटर जागेची अपेक्षा धरली होती. नेहमीची वर्गखोली मात्र २० फूट रुंद व २५ फूट लांब धरली तर तिचे क्षेत्रफळ ५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर भरते. हे अपेक्षित जागेच्या एकतृतीयांश झाले.

या ४६ चौरस मीटरांची विभागणी करून पाहणे उद्बोधक ठरेल. यंत्र चालविण्यासाठी ३ मीटर बाय २.५ मीटरचे कुंपणबद्ध क्षेत्र खोलीच्या आखूड भिंतीला लागून आखले, आणि उरलेल्या तीन बाजूंना एकेक मीटरची मोकळी पट्टी ठेवली, तर ५ मीटर बाय ३.५ मीटर, म्हणजे साडेसतरा चौरस मीटर जागा त्यातच जाते. उरलेल्या सुमारे २९ चौरस मीटरांतून दाराकडे जाणारी वाट, सामानाचे मेज आणि चालकाची जागा यांसाठी ८ ते ९ चौरस मीटर वजा केल्यास प्रेक्षकांसाठी जेमतेम २० चौरस मीटर राहते. बसलेल्या एका विद्यार्थ्यास पाऊण चौरस मीटरच्या आत-बाहेर जागा लागते असे धरले तर एका वेळी सत्तावीस-अठ्ठावीस जणांहून अधिकांस आत घेणे योग्य नाही. साठांचा वर्ग असेल तर प्रयोग तीनदा करावा लागेल. हे गैरसोयीचे वाटले तरी गणित बदलत नाही.

कुंपण भिंतीला टेकविताना यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये कोणीही, विशेषतः चालक, उभा राहणार नाही हे पाहिले पाहिजे. मोकळ्या जागेत धडक बसलेला मनुष्य मागे सरकतो. भिंतीशी असलेला चेपला जातो. कुंपण खडूच्या रेघेचे नसावे. यंत्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकांत माणसाचा हात सेकंदाला २ मीटर या वेगाने पुढे येतो असे धरतात. म्हणजे एक मीटरची पट्टी अर्ध्या सेकंदात ओलांडली जाते, आणि खडूची रेघ त्याला काहीच अटकाव करीत नाही. या भागात बांबू मुबलक आहे. गुडघ्याएवढ्या व कमरेएवढ्या उंचीवर दोन आडवे बांबू बांधलेला कठडा अल्प खर्चात होतो आणि सुटलेले यंत्र अडविण्यासाठी त्याच्या तळाशी एक फळी पुरते.

३. थांबण्यास लागणारा काळ

यंत्र 'लहान' आहे हा दिलासा दोन कारणांनी फसवा आहे. पहिले कारण पदार्थविज्ञानातील. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५ किलोग्रॅम वजनाचे यंत्र सेकंदाला १ मीटर वेगाने धावत असेल तर त्याची ऊर्जा अडीच जूल असते. वेग दुप्पट केला की ती दहा जूल होते. म्हणून वजन कमी करण्यापेक्षा वेग कमी करणे अधिक फलदायी ठरते. औद्योगिक यंत्रमानवाजवळ माणसाने उभे राहून काम करावयाचे असल्यास त्याचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरांच्या आत ठेवावा, असा मानकांचा दंडक आहे. वर्गखोलीनेही तोच स्वीकारणे श्रेयस्कर होय.

दुसरे कारण मानवी आहे. धोका दिसणे आणि यंत्र थांबणे यांच्यामध्ये एक साखळी असते. प्रेक्षकांपैकी कोणी लहान मुलाचा हात कठड्यातून आत गेलेला पाहतो, त्याला शब्द सुचतो, तो उच्चारतो, चालक ऐकतो, त्याचा अर्थ लावतो, आणि मग त्याचे बोट हलते. साध्या संकेतास प्रतिसाद देण्यास माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो; येथे दोन माणसे आणि एक वाक्य मध्ये असल्याने एक ते दीड सेकंद सहज जातो. सेकंदाला १ मीटर वेगाचे यंत्र तेवढ्यात दीड मीटर पुढे गेलेले असते, म्हणजे वर आखलेल्या क्षेत्राची निम्मी लांबी त्याने संपविलेली असते. सेकंदाला पाव मीटर वेग असेल तर तेच अंतर सुमारे ३७ सेंटिमीटर होते. या साखळीतील चालकाने अर्थ लावण्याचा दुवा तेवढा भाषेच्या स्वाधीन आहे. आज्ञा संदिग्ध असेल तर तो लांबतो. कधी तो उलट दिशेनेच जातो.

४. 'थांबलेला' आणि 'बंद'

'रोबॉट' हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या नाटकातून जगभर गेला. ते नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ च्या जानेवारीत प्रागमध्ये रंगभूमीवर आले. शब्द सुचविला तो त्यांचे बंधू योसेफ यांनी. आणि ज्या चेक शब्दावरून तो घडविला, त्याचा अर्थ आपल्याकडील वेठबिगारीच्या जवळ जाणारा आहे. मराठीने त्यासाठी घडविलेला 'यंत्रमानव' हा प्रतिशब्द सुबोध आहे. परंतु त्यातील 'मानव' या पदाने एक अपसमज पोसला जातो. मानव म्हटले की तो पाहतो, ऐकतो, समोर मूल आले तर आपण होऊन थांबतो, असे गृहीत धरले जाते. लहान मुले यंत्रालाच उद्देशून 'थांब, थांब' असे ओरडतात, ते याच कारणाने. त्या आज्ञार्थी क्रियापदाचा व्याकरणातील कर्ता यंत्र असते, पण ऐकू शकणारा कर्ता चालक असतो. आज्ञा चुकीच्या पत्त्यावर जाते.

याहून गंभीर असा दुसरा अपसमज यंत्राच्या स्थितीविषयी आहे. १९७९ च्या जानेवारीत अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका मोटार-कारखान्याच्या ओतकाम विभागात सामान काढण्यासाठी रचणीवर चढलेला कामगार यांत्रिक वाहकाच्या हाताचा आघात होऊन मरण पावला. १९८१ साली जपानमधील आकाशी येथील कारखान्यात कुंपण ओलांडून दुरुस्तीसाठी आत गेलेला कामगार यंत्र अकस्मात चालू झाल्याने दगावला. यंत्रमानवामुळे घडलेल्या मृत्यूंच्या इतिहासात या दोन घटना अगदी आरंभीच्या म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. दोन्ही ठिकाणी मनुष्य यंत्राच्या टापूत शिरला, तेव्हा यंत्राची वीज तोडलेली नव्हती.

मराठीत 'यंत्र थांबले आहे' आणि 'यंत्र बंद आहे' ही दोन वाक्ये रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरली जातात. वस्तुतः त्यांत जीवनमरणाचे अंतर असू शकते. पुढील आज्ञेची वाट पाहणारे यंत्र निश्चल असते. वीज तोडलेले यंत्रही निश्चल असते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून प्रात्यक्षिकाच्या खोलीत तीन स्थितींना तीन नावे असावीत : 'चालू', 'थांबलेला' आणि 'वीज तोडलेला'. 'बंद' हा शब्द या खोलीपुरता वापरातून काढून टाकावा. कठड्याच्या आत हात घालण्याची मुभा केवळ तिसऱ्या स्थितीत असावी, आणि ती स्थिती आल्याचे चालकाने मोठ्याने सांगावे. बॅटरीची जोडणी काढून ती सर्वांना दिसेल अशी वर धरणे ही या शब्दाची दृश्य खूण होय.

५. क्रियापदांची द्व्यर्थता

मराठीतील यंत्रविषयक आज्ञा बहुधा थोड्याशा सामान्य क्रियापदांवर भागविल्या जातात. त्यांचा अर्थ कर्मावर अवलंबून असतो, आणि घाईत कर्म गाळले जाते. पुढील उदाहरणे पाहावीत.

'सोड' : 'बटण सोड' याचा परिणाम यंत्र थांबण्यात होतो, कारण दाबून धरलेले बोट उचलले जाते. 'गाडी सोड', 'करंट सोड' यांचा परिणाम मात्र यंत्र चालू होण्यात होतो. नुसते 'सोड, सोड' असे ओरडले तर चालकाने कोणता अर्थ घ्यावा?

'लाव' : 'मोटर लाव' म्हणजे चालू कर, 'ब्रेक लाव' म्हणजे थांबव, 'वायर लाव' म्हणजे जोड, 'दार लाव' म्हणजे मीट.

'काढ' : 'वायर काढ' याने वीज तुटते, 'गाडी काढ' याने गाडी निघते, 'हात काढ' ही आज्ञा तर चालकाला नसून प्रेक्षकाला असते.

'चालेल' : साहाय्यक विचारतो, 'एवढी वायर चालेल का?' चालक उत्तरतो, 'चालेल.' पलीकडे उभ्या असलेल्या तिसऱ्याच्या कानी फक्त 'चालेल' पडते, आणि यंत्र आता चालणार आहे असे समजून तो तरी मागे सरतो किंवा कळ तरी दाबतो.

नकारार्थी प्रश्नांचीही अशीच गत आहे. 'वीज तोडली नाही ना?' याला 'हो' असे उत्तर आले तर तोडली असे समजावे की नाही, हे केवळ स्वरावरून ठरते; आणि मोटरच्या आवाजात स्वर हरवतो. 'एक, दोन, तीन' म्हणून यंत्र चालू करण्याच्या प्रथेत 'तीन'बरोबर कळ दाबावयाची की 'तीन'नंतर, हे आधी ठरलेले नसते.

यावरील उपाय नवी परिभाषा घडविण्याचा नाही. आज्ञा पूर्ण वाक्यात द्यावी, कर्म गाळू नये, आणि ऐकणाऱ्याने कृती करण्यापूर्वी ती पुन्हा उच्चारावी, एवढे पुरेसे आहे. 'बॅटरी जोड' असे एकाने म्हणावे. 'बॅटरी जोडतो' असे दुसऱ्याने म्हणावे व मग जोडावी. हो-नाही या उत्तरांऐवजी स्थिती सांगावी : 'वीज तोडलेली आहे.' पुनरुक्तीमुळे लागणारे दोन सेकंद येथे व्यर्थ जात नाहीत. थांबविण्याची आज्ञा तेवढी या नियमास अपवाद आहे. तिला वाक्य नको, कर्म नको आणि पुनरुक्तीही नको. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

६. दिशावाचक शब्द

'उजवीकडे घे' या आज्ञेत उजवी बाजू कोणाची? चालकाची, समोर उभ्या साहाय्यकाची की यंत्राची? मोठ्या मैदानावर चालक यंत्राच्या मागे उभा राहतो, म्हणून त्याची व यंत्राची उजवी बाजू एकच असते. लहान खोलीत जागेअभावी दोघे समोरासमोर येतात आणि उजवे-डावे उलटते.

ऑस्ट्रेलियातील गूगू यिमिथिर भाषेचे भाषक जवळच्या वस्तूंसाठीही उजवे-डावे न म्हणता पूर्व-पश्चिमादी दिशांचा उपयोग करतात, हे स्टीफन लेव्हिन्सन प्रभृतींच्या अभ्यासाने प्रसिद्ध झालेले आहे. वक्ता कोठेही उभा असला तरी अशा शब्दांचा अर्थ बदलत नाही. आपल्या वर्गखोलीत हेच तत्त्व अधिक सोप्या रीतीने आणता येते. 'फळ्याकडे', 'दाराकडे', 'खिडकीकडे', 'भिंतीकडे' हे शब्द सर्वांना सारखेच लागू पडतात. चार बाजूंना चार नावे आधी ठरवून कठड्यावर चिकटवावीत.

७. बहुभाषिक खोली

आतापर्यंतचे विवेचन सर्वजण मराठी बोलतात असे धरून झाले. या दोन जिल्ह्यांत ते गृहीत धरता येत नाही. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात गोंडी आणि तिचे माडिया हे रूप मोठ्या प्रदेशावर बोलले जाते. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती. सिरोंचा भागात तेलुगू, मुलचेरा व चामोर्शी या भागांत पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली, कुरखेडा-कोरची भागात छत्तीसगढी अशी भाषास्थिती आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, व तेथे तेलुगूचा वावर आजही आहे. मराठी भाषकांतही झाडीबोली बोलणारे पुष्कळ आहेत. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रातील एखाद्या वर्गात यांपैकी तीन-चार भाषा एकत्र येणे स्वाभाविक आहे.

शिकवताना विद्यार्थी शाळेची भाषा वापरतात; पण भीतीच्या क्षणी तोंडातून निघतो तो बहुधा घरचा शब्द. बंगाली भाषकाच्या तोंडून 'थामो' निघाले तर अडचण नाही, कारण 'थांब' व 'थामो' ही एकाच मूळ धातूची रूपे असून कानाला ओळखू येतात. तेलुगू भाषकाच्या तोंडून मात्र 'आगु' निघेल. तेलुगूत त्याचा अर्थ 'थांब' असा आहे. मराठी कानाला त्यात 'आग' ऐकू येते. बॅटरीवर चालणारे यंत्र असलेल्या, दाटीने भरलेल्या खोलीत 'आग' ऐकू आल्यावर लोक दाराकडे धावतात आणि यंत्र चालूच राहते. हा केवळ शब्दकोशातला विनोद नव्हे. एकाच खोलीतील दोन भाषांत एकच ध्वनिसमूह दोन वेगळ्या संकटांचा वाचक असू शकतो, आणि प्रात्यक्षिकापूर्वी पाच मिनिटे देऊन तो शोधून काढता येतो.

म्हणून प्रात्यक्षिकाच्या आरंभी उपस्थित भाषकांना विचारावे : तुमच्या घरी 'थांब' यास काय म्हणतात? गोंडीची रूपे तालुक्यागणिक बदलतात. त्यामुळे पुस्तकातून शब्द घेण्यापेक्षा समोरच्या विद्यार्थ्याकडून घेणे अधिक विश्वसनीय होय. हे शब्द फळ्यावर लिहावेत आणि चालकाने ते कानांत बसवावेत. विद्यार्थ्याची भाषा फळ्यावर आली की त्याचा संकोचही कमी होतो. परंतु येथे ती प्रथम सुरक्षिततेची गरज आहे.

८. एक शब्द, आणि तो उच्चारण्याचा अधिकार

बोलणारे अनेक असले तरी थांबविण्याचा मुख्य संकेत एकच असावा. कोळसा खाणींत दोर-यंत्राला घंटेने इशारे देण्याची पद्धत आहे, आणि चालत्या यंत्रासाठी एक ठोका म्हणजे 'थांबा' असा तिचा संकेत असतो. चंद्रपूरच्या खाण भागातील अनेक घरांना हे ठाऊक आहे. सर्वांत तातडीच्या अर्थाला सर्वांत आखूड खूण द्यावी, हे त्यामागील तत्त्व.

मराठीतील 'थांब' हा शब्द आखूड आहे, पण त्याला दोन अडचणी आहेत. पहिली वापराच्या वारंवारतेची. 'थांब, वायर लावतो', 'जरा थांबा, पाहुणे येताहेत' अशा वाक्यांतून तो दर मिनिटाला कानी पडतो, आणि सवयीने त्याची धार जाते. दुसरी अडचण आदरार्थी रूपांची. यंत्र शिक्षक चालवीत असतील तर आठवीतील मुलगी त्यांना 'थांब' म्हणू शकत नाही. ती 'सर, थांबा' असे म्हणेल. अधिक संकोची असेल तर 'सर, जरा थांबता का' अशी विनंती करील. पाहुण्यांसमोर ती बहुधा गप्पच राहील. क्रियापदाचे रूप निवडण्यात गेलेला क्षण हाही त्या साखळीतील विलंबच आहे.

या दोन्ही अडचणी 'स्टॉप' या रूढ शब्दाने बऱ्याच अंशी टळतात. तो मराठी, तेलुगू, बंगाली व छत्तीसगढी या चारही भाषकांच्या परिचयाचा आहे. त्याला 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद नाही. आणि त्यातील दीर्घ विवृत स्वर मोटरच्या घरघरीतही ऐकू जातो. परभाषी शब्द म्हणून त्यावर आक्षेप घेता येईल. ज्यांना तो नको असेल त्यांनी 'थांबा' हेच एक रूप सर्वांसाठी, लहानथोर न पाहता, निश्चित करावे. अट एकच : निवडलेला शब्द त्या खोलीत अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी उच्चारला जाऊ नये. शब्दाबरोबर उंचावलेला तळहात ही खूण ठेवावी, म्हणजे ऐकू न येणाऱ्यासही ती कळेल.

हा शब्द उच्चारण्याचा अधिकार खोलीतील प्रत्येकास असावा आणि विनाकारण उच्चारला म्हणून कोणासही दोष देऊ नये. लहान जागेत चालकाला कठड्याची एकच बाजू दिसते. बाकीच्या बाजू प्रेक्षकांच्याच डोळ्यांनी पाहाव्या लागतात. पुष्कळदा सुरक्षिततेच्या नावाखाली नवख्या, अबोल किंवा मराठी अडखळत बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना यंत्रापासून दूर ठेवले जाते व जबाबदारी बोलक्या विद्यार्थ्यांकडे सोपविली जाते. यात अन्याय तर आहेच, शिवाय हेतूही साधत नाही. कारण कोपऱ्यात बसविलेल्या त्याच विद्यार्थ्याला धोका आधी दिसण्याचा संभव असतो.

९. शब्दाची मर्यादा

शब्दावर एवढा भर दिला तरी तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. ज्या यंत्राला थांबण्यासाठी कोणीतरी ओरडावे लागते ते मुळातच अपुरे आहे. कळ दाबून धरली असतानाच यंत्र चालावे आणि बोट उचलताच थांबावे, अशी रचना असावी. बिनतारी नियंत्रण असल्यास संपर्क तुटल्यावर शेवटची आज्ञा चालू राहण्याचा दोष वारंवार आढळतो. म्हणून अर्धा सेकंद नवी आज्ञा न आल्यास मोटरी आपोआप थांबाव्यात, अशी योजना आज्ञावलीत करावी. थांबा-कळ लाल रंगाची, पिवळ्या पार्श्वभूमीवर, तळहाताने दाबता येईल एवढी मोठी असावी. तिने वीज प्रत्यक्ष तुटावी. आणि ती पूर्ववत् केल्याने यंत्र आपोआप पुन्हा चालू होऊ नये. ती यंत्राच्या अंगावर एक व कठड्याबाहेर एक, अशा दोन ठिकाणी असल्यास उत्तम. फेकणारी किंवा फिरत्या पात्याची यंत्रे अशा खोलीत चालवूच नयेत.

बॅटरीविषयी या प्रदेशात विशेष दक्षता हवी. लिथियमच्या सामान्य बॅटऱ्या ४५ अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात भारित करू नयेत असा निर्मात्यांचा निर्देश असतो. चंद्रपूरचे उन्हाळी तापमान ४५ अंश ओलांडते. २०१९ च्या मे महिन्यात ते ४७ अंशांच्या वर गेले होते. पत्र्याच्या छपराखालील बंद खोलीत ते याहून अधिक भरेल. तेव्हा उन्हाळ्यातील भारण सकाळी, प्रात्यक्षिकाच्या खोलीबाहेर, फरशीवर, जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवून आणि कोणीतरी लक्ष ठेवून असतानाच करावे. फुगलेली बॅटरी वापरू नये. दाराची वाट सामानाने अडवू नये.

१०. उपसंहार

प्रात्यक्षिकाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल. प्रथम प्रेक्षकांची संख्या मोजून तेवढ्यांनाच आत घ्यावे. नंतर तीन स्थितींची नावे, चार बाजूंची नावे आणि थांबविण्याचा एक शब्द सांगावा. उपस्थितांच्या भाषांतील प्रतिशब्द फळ्यावर लिहावेत. चालक कोण आणि साहाय्यक कोण हे जाहीर करावे. त्यानंतर यंत्र मंद वेगाने चालवावे आणि प्रेक्षकांपैकी कोणाही एकाने, शक्यतो सर्वांत मागे बसलेल्याने, तो शब्द उच्चारून ते थांबवावे. चालकाने ताबडतोब थांबावे व थांबविणाऱ्याचे नाव घेऊन त्याला दाद द्यावी. हे दोन-तीनदा केल्यावर मुख्य प्रयोगास आरंभ करावा.

या तालमीला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. तिच्यातून प्रेक्षकांना पहिली गोष्ट कळते ती ही की समोरचे यंत्र मानव नाही, ते माणसाच्या आज्ञेत आहे, आणि ती आज्ञा देणाऱ्यांत आपणही आहोत. एटापल्लीच्या किंवा भामरागडच्या मुलाने आपल्या आवाजाने यंत्र थांबविले, तर त्याला यंत्रशास्त्राचा पहिला धडा मिळाला आणि खोलीला आणखी एक राखणदार मिळाला, असे म्हणता येईल.